परत फिरण्याचे धाडस

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज मला बोलण्यासाठी दिलेला विषय आहे ‘हिवाळी व साहसी खेळ : मन, धोका आणि आरोग्य’. विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपण समुद्रकाठची माणसे. ऐन थंडीतही आपले एका शालीवर भागते, आणि बर्फ आपण पाहतो तो मासळीच्या पेटीत. अशा ठिकाणी बर्फावरच्या खेळांची चर्चा कशासाठी?

त्याचे कारण सांगतो. यंदा नाताळच्या सुट्टीत हिमाचल प्रदेशात होणाऱ्या बर्फावरील शिबिरासाठी आपल्या विद्यालयातील १४ मुलामुलींनी नावे दिली. आम्ही १४ संमतिपत्रे घरी पाठविली. त्यांपैकी सह्या होऊन परत आली ती अवघी तीन. बाकीची कोरीच आली, किंवा आलीच नाहीत. नंतर एक माता शाळेत येऊन मला भेटल्या. त्या म्हणाल्या, “सर, त्याचे बाबा कुवेतला. इथं मी एकटी. उद्या पोराला काही झालं, तर जबाबदारी तुम्ही घेणार का?”

मी त्या वेळी निरुत्तर झालो. ‘काही होणार नाही’ असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते. परंतु ते खोटे ठरले असते. म्हणून त्या मातेला द्यावयाचे उत्तर आज आपणा सर्वांसमोर, जरा सविस्तर, देण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम एक प्रश्न. चांगले उबदार घर सोडून माणूस बर्फात, कड्यावर, उंच उतारावर जातोच कशाला? आपली वडीलमंडळी याला सरळ ‘नसती उठाठेव’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञांनी मात्र या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला आहे. अमेरिकेतील मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये माणसातील थराराची ओढ मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्याच्या मते ही ओढ प्रत्येकात असते. कमीअधिक असते एवढेच. एकाच घरात एक भाऊ झाडाच्या शेंड्यावर चढतो आणि दुसरा खाली उभा राहून आंबे वेचतो. दोघेही शहाणेच. फरक असतो तो स्वभावाचा. शिवाय अशी ओढ असलेल्या मुलाला रिकामपण सोसत नाही, हेही झुकरमनने दाखविले आहे. त्याला योग्य वाट मिळाली नाही तर तो अयोग्य वाट शोधतो. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता भीतीविषयी. भीती वाटली की मूत्रपिंडावरील छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन नावाचे द्रव्य रक्तात सुटते. छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते, भूक मरते. शरीराने संकटाला तोंड देण्यासाठी केलेली ही तयारी होय. म्हणून ‘मला भीती वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाचे कौतुक करू नका. तो एक तर खोटे बोलतो आहे किंवा त्याला धोका समजलेला नाही.

तथापि भीती किती असावी यालाही माप आहे. येर्क्स आणि डॉडसन या दोघा संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर काही प्रयोग केले. त्यांवरून पुढे असा नियम मांडला गेला की, ताण अगदीच कमी असला तर काम ढिले होते, फार झाला तर बिघडते, आणि बेताचा असला तर उत्तम होते. परीक्षेच्या दालनात आपण हेच पाहतो. ज्याला कसलीच काळजी नाही तो अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवतो. ज्याची भीतीने गाळण उडाली आहे तो पाठ असलेलेही विसरतो. साहसी खेळाचे शिक्षण म्हणजे भीती या मधल्या मापावर ठेवण्याचे शिक्षण. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने कडे चढणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९७५ मध्ये एक ग्रंथ लिहिला. काम आपल्या कौशल्याच्या बरोबरीचे असेल तेव्हा माणूस त्यात स्वतःला विसरतो आणि त्याला खरा आनंद होतो, असे त्याचे निरीक्षण आहे. काम कौशल्याहून फार अवघड असेल तर चिंता वाटते, फार सोपे असेल तर कंटाळा येतो. तात्पर्य, आनंद आणि सुरक्षितता यांचा पाया एकच आहे. तो म्हणजे पायरी पायरीने मिळविलेले कौशल्य.

मनाचे एवढे झाले. आता उंची आणि थंडी शरीरावर काय परिणाम करतात ते पाहू. येथे मला स्वतःची एक फजिती सांगावी लागेल.

दहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी हिमाचलातील एका पदभ्रमणाला गेलो होतो. महाविद्यालयात मी कबड्डी खेळत असे; त्यामुळे अंगात रग होती. दोन दिवसांत आम्ही सुमारे ३,८०० मीटर उंचीवर जाऊन मुक्काम केला. संध्याकाळी माझे डोके ठणकू लागले, जेवण नकोसे झाले. म्होरक्या प्रत्येकाची विचारपूस करीत तंबूतंबूतून फिरत होता. शेजारच्या तंबूत पन्नाशीचे एक गृहस्थ मजेत खिचडी खात बसले होते. त्यांच्यादेखत मी डोके दुखते म्हणून कसे सांगणार? मी म्हणालो, “एकदम ठीक आहे.”

रात्री उलट्या सुरू झाल्या. तंबूबाहेर आलो तर पाऊल सरळ पडेना. माझा तंबूतला सोबती सोलापूरचा एक विद्यार्थी होता. मी नको नको म्हणत असता त्याने जाऊन म्होरक्याला उठविले. म्होरक्याने मला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालावयास सांगितले. चार पावलांत माझा तोल गेला. त्याने घड्याळ पाहिले नाही की सकाळची वाट पाहिली नाही. दोन माणसे आणि बॅटऱ्या बरोबर देऊन मला त्याच रात्री सुमारे ६०० मीटर खाली आणविले. सकाळी डोके हलके झाले होते. दुसऱ्या दिवशी तो मला एवढेच म्हणाला, “डोकं दुखलं यात तुझा दोष नाही. लपवलंस, हा तुझा दोष.” हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही.

मला काय झाले होते? वर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण म्हणतो. वस्तुतः प्रमाण तेच, शंभरात सुमारे २१ भाग, राहते. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर एकतृतीयांशच उरतो. त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायू घटतो. शरीर हळूहळू याच्याशी जुळवून घेते, परंतु त्याला दिवस लागतात. माणूस घाई करून वर गेला तर सुमारे २,५०० मीटरनंतर डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न येणे असा त्रास सुरू होऊ शकतो. तो दुर्लक्षिला तर क्वचित मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी भरते. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, बसल्या जागी धाप लागणे, खोकल्याबरोबर फेस पडणे, ही त्याची लक्षणे. त्यावर पहिला उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे.

या आजाराच्या ज्ञानात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आपले जवान मैदानी प्रदेशातून एकाएकी उंचावर न्यावे लागले. पुढे इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ३,३५० ते ५,५०० मीटर उंचीवरील १,९२५ भारतीय जवानांमधील या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तो जगभर प्रमाण मानला गेला. त्याआधी १९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टराने एका धडधाकट तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली होती. हा तरुण स्कीइंग करीत उंच खिंड ओलांडावयास निघाला आणि त्याच्या फुप्फुसांत पाणी भरले. तोपर्यंत अशा रोग्यांना न्यूमोनिया झाला असेच बहुधा समजत. मुलांनो, ‘धडधाकट’ हा शब्द लक्षात ठेवा. अंगातली ताकद या आजारापासून वाचवीत नाही. कबड्डीतला गडी आजारी पडतो आणि पन्नाशीचे गृहस्थ खिचडी खातात! आजचा नियम असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

थंडीचेही तसेच. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की माणूस धोक्यात येतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटे गुंडी लावू शकत नाहीत, जीभ अडखळते, पाय अडखळतात, आणि शेवटी बुद्धीच गोठते. अशा वेळी त्या माणसाला आपण संकटात आहोत हेही कळत नाही. ते सोबत्याला ओळखावे लागते. सुती कपडा घामाने भिजला की ऊब देईनासा होतो, म्हणून बर्फात अंगालगत लोकर किंवा तशाच जातीचा कृत्रिम धाग्याचा कपडा वापरतात. बोटे, नाक, कान पांढरे पडून बधिर झाले तर तो हिमदंश समजावा. त्यावर बर्फ चोळण्याची जुनी समजूत घातक आहे. तो भाग चोळू नये, आणि पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा ठिकाणी आल्यावर कोमट पाण्यात ठेवावा. ताजे बर्फ ऊन आरशासारखे परत फेकते. काळा चष्मा नसेल तर काही तासांतच डोळे भाजून निघतात.

पडण्याचा धोका तर आहेच. गुडघा मुरगळणे, मनगट मोडणे या स्कीइंगमधील नेहमीच्या दुखापती. डोक्याची दुखापत त्याहून गंभीर. शिरस्त्राणाने तिचा धोका बराच कमी होतो हे अभ्यासांतून दिसून आले आहे. परंतु शिरस्त्राण म्हणजे अभयदान नव्हे. मोटारींच्या शर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाखर डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये आखलेली वाट सोडून स्कीइंग करताना पडला आणि त्याचे डोके खडकावर आपटले. शिरस्त्राण असूनही त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. इंग्लंडची अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात, नवशिक्यांच्या सोप्या उतारावर पडली. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. आपण बरे आहोत असे म्हणून तिने प्रथम मदत नाकारली. डोक्यात आत रक्तस्राव चालू होता. दोन दिवसांनी ती गेली. ‘बरे वाटते’ आणि ‘बरे आहे’ यांत किती अंतर असते पाहा.

येथपर्यंत मी बर्फाचे, उंचीचे, थंडीचे धोके सांगितले. पण पालकहो, माझ्या मते सर्वांत मोठा धोका यांपैकी कोणताच नाही. तो माणसाच्या मनात आहे.

अमेरिकेत इयन मॅकॅमन या संशोधकाने १९७२ पासूनच्या तीस वर्षांतील ७१५ हिमप्रपात अपघातांच्या नोंदी तपासल्या. खेळासाठी गेलेल्या लोकांवर जे हिमप्रपात कोसळतात, त्यांतील बहुतेक त्या लोकांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या पावलांनी सुटतात, हे पूर्वीच माहीत होते. मॅकॅमनला असे दिसले की, धोक्याची चिन्हे समोर दिसत असताना, प्रशिक्षण घेतलेले लोकही त्या उतारावर गेले. का गेले? ‘ही वाट ओळखीची आहे.’ ‘एवढे ठरवून आलो, आता मागे कसे फिरायचे?’ ‘आपल्यातला अनुभवी माणूस पुढे आहे ना!’ ‘इतरांना आपण भित्रे वाटू.’ ‘दुसरे लोक आपल्या आधी वर पोचतील.’ ही कारणे ऐकून आपल्याला हिमालय आठवतो की आपल्या गावची नदी? पावसाळ्यात साकवावरून पाणी वाहत असताना त्यातून मोटारसायकल घालणारा पोरगा नेमके हेच बोलतो.

किशोरवयात तर या मोहाला आणखी धार येते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ मुलांना आणि मोठ्यांना दिला. काहींना एकट्याने, काहींना मित्रांच्या देखत. मित्र पाहत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी कितीतरी अधिक धोका पत्करला. २४ वर्षांवरील माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणजे एकटा असताना शहाणा असलेला आपला मुलगा टोळक्यात वेगळाच होतो, ही प्रत्येक आईची तक्रार शास्त्रानेही मान्य केली आहे.

मोठ्यांनाही हा मोह सुटत नाही, याचे उदाहरण एव्हरेस्टवर घडले. १० मे १९९६ रोजी न्यूझीलंडचा रॉब हॉल हा अत्यंत अनुभवी मार्गदर्शक आपली तुकडी घेऊन शिखराकडे निघाला होता. दुपारी एक, फार तर दोन वाजता, असू तेथून परत फिरायचे, हा त्याचाच दंडक होता. त्या दिवशी दोराजवळ गर्दी होऊन खोळंबा झाला. त्याच्या तुकडीतील तिघे साडेअकराच्या सुमारास शिखर जवळ दिसत असताना परत फिरले. ते तिघे वाचले. उलट दुसरा एक गिर्यारोहक, जो आदल्या वर्षी शिखराजवळून परतला होता, दुपारी चार उलटून गेल्यावर माथ्यावर पोचला, आणि हॉल त्याच्यासाठी थांबून राहिला. संध्याकाळी वादळाने गाठले. ते दोघेही परत आले नाहीत. त्या वादळात एकूण आठ जण गेले. त्यांत उत्तरेच्या बाजूने चढलेले आपल्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलीस दलाचे तीन जवान होते. हॉलसारख्या माणसाला नियम ठाऊक नव्हता काय? त्याने तर तो स्वतः घालून दिला होता. परंतु शिखर डोळ्यांसमोर असताना घड्याळाचे ऐकणे फार कठीण असते.

आता याची दुसरी बाजू पाहा. १९५२ साली तेनसिंग नोर्गे आणि स्विस गिर्यारोहक रेमंड लँबेर एव्हरेस्टवर सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले होते. माथा जेमतेम अडीचशे मीटर वर राहिला होता. शक्ती संपत आली होती, प्राणवायूची यंत्रे नीट चालत नव्हती. ते परत फिरले. त्या दिवशी त्यांना कोणी हार घातले नाहीत. पण परत फिरले म्हणून तेनसिंग जिवंत राहिले, आणि जिवंत राहिले म्हणून २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरीबरोबर त्या माथ्यावर उभे राहिले. पुढे १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा तेनसिंगांकडेच आली. मुलांनो, १९५३ च्या यशाखाली १९५२ ची माघार दडलेली आहे.

मग पालक विचारतील, एवढा धोका पत्करून लाभ काय? लाभ आहेत. चढाई आणि बर्फावरील चाल यांनी हृदय, फुप्फुसे, पायांचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो. स्वीडनमध्ये १९२२ पासून वासालोपेत नावाची ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत होते. तेथील संशोधकांनी या शर्यतीत भाग घेतलेल्या सुमारे दोन लाख लोकांची तुलना इतर नागरिकांशी केली. तेव्हा या खेळाडूंत पुढील आयुष्यात नैराश्य आणि चिंता यांचे आजार बरेच कमी आढळले. अर्थात मुळातच निरोगी माणसे अशा शर्यतीकडे वळतात, हेही येथे धरले पाहिजे. आणि ज्यांनी अनेकदा, अतिवेगाने शर्यती केल्या, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. अती तेथे माती हा आपला जुना न्याय बर्फातही लागू आहे.

आपल्याच देशातील उदाहरण घ्या. काश्मीरमधील गुलमर्गच्या परिसरात वाढलेला महंमद आरिफ खान फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. वडिलांचे स्कीइंगच्या साहित्याचे दुकान. चौथ्या वर्षी त्याने बर्फावर पाय ठेवला. जायंट स्लालम या शर्यतीच्या दिवशी हिमवृष्टी होत होती, आणि जवळजवळ निम्मे खेळाडू शर्यत पुरी करू शकले नाहीत. आरिफने ती पुरी केली. तो ४५ वा आला. ४५ वा क्रमांक काही जणांना क्षुल्लक वाटेल. मला त्यात एका वडिलांनी मुलाला छोट्या उतारावरून मोठ्या उतारावर कसे बेताबेताने नेले असेल, ते दिसते. आणि हेही विसरू नका की, त्याच गुलमर्गला फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या उतारावर हिमप्रपात होऊन पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. जो डोंगर घडवितो तोच डोंगर गिळतोही.

उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी हिमप्रपात झाला आणि प्रशिक्षणार्थींची तुकडी त्यात सापडली. २९ जण गमावले गेले. त्या सर्वांजवळ दोर होते, शिक्षक होते. म्हणून प्रशिक्षण घेतले की धोका शून्य होतो असे मी आपणास कदापि सांगणार नाही. मी एवढेच म्हणतो की, प्रशिक्षणाने धोका कमी होतो, आणि उरलेला डोळसपणे पत्करायचा की नाही हे ठरविता येते.

आता सुरुवातीचा मुद्दा. आपण संमतिपत्रावर सही केली नाही म्हणजे मूल सुरक्षित राहिले काय? पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीत काय चालते ते आपण पाहतोच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथे ना बर्फ होता ना कडा; सहलीचे ठिकाण होते. कड्याच्या टोकावर फोटो काढणारी, शेवाळलेल्या खडकावर नाचणारी, तिघे तिघे मोटारसायकलवर बसून घाट उतरणारी मुले कोणाकडे संमतिपत्र मागतात? थराराची ओढ आपण घरात कोंडून ठेवू शकत नाही. तिला गुरू द्यायचा की टोळके द्यायचे, एवढीच निवड आपल्या हाती आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी आपण आयोजकांना काही प्रश्न अवश्य विचारा. प्रमुख शिक्षकाने प्रशिक्षण कोठे घेतले? दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली, पहलगाम, गुलमर्ग येथील मान्यवर संस्थांपैकी एखादीचे प्रमाणपत्र आहे काय? शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण ठरवून आयोजकांची नोंदणी आवश्यक केली आहे. ते महाराष्ट्रातील असतील तर ती आहे काय? किती मुलांमागे किती शिक्षक? मुक्कामाची उंची रोज किती वाढणार? आजारी पडल्यास खाली कसे आणणार, जवळचे रुग्णालय किती तासांवर? मुलींची राहण्याची सोय कशी, बरोबर शिक्षिका कोण? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : मागच्या वर्षांत आपण कधी अर्ध्यातून परत फिरलात काय? ‘आम्ही कधीच परत फिरलो नाही’ असे जो छाती फुगवून सांगेल, त्याच्या हाती आपले मूल देऊ नका. मूल दम्याचे असेल, हृदयाचा काही दोष असेल, फिट येत असेल, तर ते लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. ही उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत, तर खुशाल नकार द्या. तोही शहाणपणाचाच निर्णय होय.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. त्या १४ नावांत पाच मुलींची आहेत; सह्या होऊन आलेल्या तीन पत्रांत मात्र एकही मुलगी नाही. बचेंद्री पाल यांनी २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. त्यांचेही आईवडील गढवालमधील एका खेड्यातले साधे लोक होते. जो प्रश्न मुलासाठी विचारायचा तोच मुलीसाठी विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर दोघांना एकच न्याय लावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला माझे सांगणे थोडे आहे. शिबिरात गेलात तर डोके दुखले की सांगा. भीती वाटली की सांगा. सोबती अडखळू लागला तर तो नको म्हणाला तरी जाऊन सांगा. सोलापूरच्या त्या मुलाने माझी चुगली केली म्हणून आज मी येथे उभा आहे. आणि सारे पुढे जात असताना तुम्हांला परत फिरावेसे वाटले, तर ते म्हणण्याचे धाडस ठेवा. पुढे जायला पाय लागतात. परत फिरायला छाती लागते.

आता त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर. बाई, बर्फाची जबाबदारी मी घेऊ शकत नाही, हवेची घेऊ शकत नाही. मी घेतो ती माझ्या वागण्याची जबाबदारी. वरचे सगळे प्रश्न मी आयोजकांना लेखी विचारले आहेत. त्यांची उत्तरे कार्यालयात ठेवली आहेत, कोणीही येऊन वाचावीत. मी स्वतः मुलांबरोबर जाणार आहे. आणि हवा बिघडली, एकाही मुलाचे पाऊल सरळ पडेनासे झाले, तर ती टेकडी चढायची राहिली म्हणून मला काडीचेही दुःख होणार नाही. मी मुलांना घेऊन खाली येईन. कुवेतला फोन करून आपल्या यजमानांशीही बोला. मग दोघांनी मिळून जे ठरवाल ते मला मान्य आहे. संमतिपत्रे स्वीकारण्यास अजून आठ दिवस आहेत.

 

जय हिंद!